शेजारची जागा

सहामाहीचे पेपर तपासून झाले आणि दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या घरी एक विधी होतो. शाळेतून निकालात निघालेला, मधोमध फाटलेला आणि मीच कापडी पट्टी लावून सांधलेला हिंदुस्थानचा नकाशा मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर पसरतो, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवतो, आणि घरची सगळी माणसे भोवती बसून यंदा कुठे जावयाचे याचा खल करतात. एकदा आम्ही असेच द्वारकेला निघालो होतो आणि शेवटी औदुंबरला जाऊन आलो. बहुतेक वर्षी तेवढेही होत नाही. पण न गेल्याचे दुःख कोणालाच फारसे होत नाही. प्रवासाचा निम्मा आनंद त्या चार वाट्यांच्या आत आम्ही भोगून घेतलेला असतो.

म्हणूनच की काय, प्रवासाचे पुस्तक हाती आले की मी आधी त्यातला निघण्यापूर्वीचा भाग वाचतो. माणूस कुठे गेला हे पुढे कळतेच. तो निघाला कसा, कोणता रस्ता त्याने धरला आणि कोणता टाळला, बरोबर काय घेतले, आणि मुख्य म्हणजे कोणाला घेतले, यावरून पुस्तकाची जात ओळखता येते असे मला वाटते.

या दृष्टीने पाहू गेल्यास अमेरिकन लोकांइतका समृद्ध संसार कोणाचाच नाही. न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे तीन हजार मैलांची जमीन, तीत वाळवंटे, गव्हाची राने, बर्फाचे डोंगर, आणि ती मोटारीने आडवी कापण्याची त्या लोकांना असलेली हौस! पूर्वी हे सोपे नव्हते. 1919 साली त्यांच्या लष्कराचा मोटारींचा एक तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, त्याला पोचायला 62 दिवस लागले. त्या तांड्यात आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. तो चिखल त्याच्या चांगला लक्षात राहिला असावा, कारण पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1956 साली त्याने 41,000 मैलांचे थेट, रुंद, वाटेतली गावे बाजूला टाकून जाणारे हमरस्ते बांधण्याच्या कायद्यावर सही केली. प्रवास वेगवान झाला, आणि मग प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला की आता पाहावयाचे काय?

मी अमेरिका पाहिलेली नाही, पुढे पाहीन असेही नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. इंग्रजी वाचतो ते मांडीवर शब्दकोश घेऊन. तेव्हा वाचकांनी मी अमेरिकेवर लिहितो आहे असे समजू नये. मी लिहितो आहे ते अमेरिकेच्या रस्त्यांवरच्या तीनचार पुस्तकांवर, आणि त्यातही विशेषतः एका पुस्तकावर, ज्याने मला आधी आनंद दिला, नंतर फसविले, आणि शेवटी माझाच कान धरला.

जॉन स्टाइनबेकचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे ते पुस्तक. 1962 साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी स्टाइनबेकला नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या हाती ते आले रद्दीच्या दुकानात, मुखपृष्ठ गेलेले. एका पावसाळ्यात रात्रीची जेवणे उरकली की मी ते घरात मराठी करून सांगत असे. हकीकत साधी आहे. अठ्ठावन्न वर्षांचा, नुकत्याच मोठ्या दुखण्यातून उठलेला एक नामांकित कादंबरीकार. आपण आयुष्यभर ज्या देशाविषयी लिहीत आलो तो देश आपल्याला आता माहीत उरलेला नाही, असे त्याच्या मनाने घेतले. म्हणून त्याने एक दणकट ट्रक बनवून घेतला. त्याच्या पाठीवर बिछाना, चूल, बर्फाची पेटी असलेली छोटी खोली बसविली. डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचे ‘रोसिनांते’ हे नाव त्या ट्रकला दिले आणि 23 सप्टेंबर 1960 रोजी, चार्ली नावाचा आपला म्हातारा पूडल कुत्रा शेजारी बसवून, तो घराबाहेर पडला. वर मेन राज्यातल्या बटाट्याच्या शेतांपर्यंत, तिथून पश्चिमेला शिकागो, उत्तर डाकोटाची उजाड टेकाडे, मोंटाना, सिएटल, खाली कॅलिफोर्नियात आपले जन्मगाव सलिनास, मग मोहावीचे वाळवंट, टेक्सास, न्यू ऑर्लिन्स आणि परत. सगळे मिळून सुमारे दहा हजार मैल. बहुतेक वाट त्याने आडरस्त्यांनी काढली, कारण नव्या सरळ हमरस्त्यांवर त्याचा राग होता.

पण मला पुस्तकात सर्वांत आवडले ते निघण्याआधीचे. आमच्या वाट्या ठेवलेल्या नकाशाशी त्याचे नाते लागते. किती सामान घेतले आहे या गृहस्थाने! हत्यारे, दोर, सुटे भाग, बंदुका, मासे धरण्याच्या काठ्या, दीडशे पौंड वजनाची पुस्तके, लिहिण्याचे कागद, आणि जगाच्या अंतापर्यंत पुरेल इतके खाणे. नंतर तो स्वतःच कबूल करतो की यातले निम्मे लागले नाही. बंदुका आणि काठ्या घेण्याचे कारण तर मोठे मजेदार आहे. नुसता हिंडतो म्हटले तर लोक संशय घेतात. शिकारीला निघालो म्हटले की कोणी काही विचारीत नाही. आमच्याकडे देवदर्शनाला निघालो म्हटले की जसे सगळे दरवाजे उघडतात, तसेच हे झाले.

आणि निघण्याच्या थोडे आधी डोना नावाचे चक्रीवादळ येते. स्टाइनबेकचे घर समुद्रकाठी, बंदरात त्याची होडी नांगरलेली. वादळात दुसऱ्या होड्या त्याच्या होडीवर येऊन आपटू लागतात, आणि हा दुखण्यातून उठलेला माणूस बायकोचा आरडाओरडा न ऐकता पाण्यात उडी मारतो, होडी सोडवून लांब नेऊन नांगरतो आणि एका फांदीला धरून तरंगत किनाऱ्याला लागतो. ही चार पाने वाचताना माझ्या धाकट्याने दोन्ही हातांनी उशी आवळून धरली होती. त्या होडीचे नाव होते ‘फेअर इलेन’. इलेन हे स्टाइनबेकच्या पत्नीचे नाव. होडीला बायकोचे नाव आणि ट्रकला किहोतेच्या घोड्याचे! ही गोष्ट तेव्हा मला नुसती गोड वाटली होती. तिचा अर्थ लागायला बराच काळ जावा लागला.

तो कसा लागला ते सांगतो. या पुस्तकाच्या पन्नाशीच्या सुमारास, 2010 साली, बिल स्टायगरवॉल्ड नावाच्या पिट्सबर्गच्या एका जुन्या पत्रकाराने स्टाइनबेकच्या मार्गानेच जावयाचे ठरविले. हेतू भक्तिभावाचा होता: पन्नास वर्षांत काय बदलले ते पाहावे. मार्ग नक्की करण्यासाठी त्याने स्टाइनबेकची पत्रे, जुनी वर्तमानपत्रे आणि न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेले पुस्तकाचे हस्तलिखित धुंडाळले. आणि त्याची गाडी पहिल्याच वळणावर अडकली म्हणा ना! तारखा जुळेनात. पुस्तकात उत्तर डाकोटातल्या अ‍ॅलिस गावाजवळ एका नदीकाठी मुक्काम आहे. तिथे एक भटका नट भेटतो, शेक्सपिअरचे उतारे म्हणून दाखवितो. पुस्तकातला हा एक फार नामी प्रसंग. पण त्याच रात्री स्टाइनबेकने बायकोला लिहिलेले पत्र आहे ते बीच नावाच्या गावातून, तीनशेहून अधिक मैल पश्चिमेला, एका मोटेलातून. एकट्याने तारांगणाखाली काढलेल्या अशा बऱ्याच रात्री हॉटेलांत, मोटेलांत, नातलगांकडे निघाल्या. आणि एकट्यानेही नव्हे! इलेन त्या प्रवासात, स्टायगरवॉल्डच्या हिशेबाने, निम्म्याहून अधिक दिवस त्याच्याबरोबर होती. सिएटलहून कॅलिफोर्नियापर्यंतचा सारा पश्चिम किनारा ती शेजारी बसून आली. पहिल्या खर्ड्यात ती आहेही. छापील पुस्तकात मात्र ती शिकागोत आणि टेक्सासात पाहुणी म्हणून येते तेवढीच. पश्चिम किनाऱ्यावर शेजारी आहे तो कुत्रा.

यावर मोठा गहजब झाला. काहींनी स्टाइनबेकला लबाड ठरविले. काहींनी उलट विचारले की कादंबरीकाराने चार गोष्टी रचल्या तर बिघडले काय? 2012 च्या नव्या आवृत्तीत प्रस्तावनाकार जे पारिनी यांनी तर वाचकांना सांगूनच टाकले की हे पुस्तक शब्दशः खरे धरू नका.

आता मी काही कोणी संशोधक नव्हे, पण चार कादंबऱ्या माझ्याही हातून झाल्या आहेत आणि रचणे म्हणजे काय हे मी जाणतो. त्या नटाविषयी माझी काही तक्रार नाही. असा नट तिथे नसेल भेटला, अन्यत्र भेटला असेल, कदाचित मनातच भेटला असेल. संभाषणे तर कोणाच्याच प्रवासवर्णनात जशीच्या तशी नसतात. नाहीतर आमचे सगळे प्रवासी लेखक खिशात टेप घेऊन हिंडत होते असे म्हणावे लागेल. मोटेलात झोपून तंबूत झोपलो असे लिहिणे ही थोडी बढाई झाली, पण गाढ झोप लागलेल्या माणसाला तंबू काय आणि मोटेल काय! ते सोडून देऊ. मला खुपते ते एवढेच की त्याने शेजारची जागा रिकामी केली. जी खरोखर होती तिला पुसले. नसलेले माणूस घालणे आणि असलेले काढणे यांत फरक आहे, आणि या फरकाकडे त्या सगळ्या वादात फारसे कोणी थांबून पाहिलेले मला आढळले नाही. लबाडी मोजताना सगळे मैल मोजत बसले.

का पुसले? उत्तर पुस्तकातच आहे. घोड्याचे नाव रोसिनांते ठेवले की मग त्यावर बसणारा किहोते होतो, आणि किहोते बायकोला घेऊन निघत नाही. मोठ्या देशाच्या शोधात निघालेला पुरुष एकटाच असला पाहिजे असा एक दंडक त्या वाङ्मयात पडून गेला आहे. त्या दंडकापुढे स्टाइनबेकसारखा मोठा लेखक वाकला याचे मला वाईट वाटते, कारण याच लेखकाने तो दंडक एकदा पार मोडून दाखविला होता.

‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही त्याची 1939 ची कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना जोड कुटुंबाचे निघणे आठवत असेल. ओक्लाहोमात शेत बँकेने घेतले, आता कॅलिफोर्नियाला जावयाचे, सहासष्ट क्रमांकाच्या रस्त्याने. एक जुनी हडसन मोटार घेतली आहे, तिचे मागले अंग कापून ट्रक केला आहे. संध्याकाळी सारे कुटुंब त्या ट्रकभोवती बसते आणि सभा भरते: पैसे किती, माणसे किती, टायर टिकतील का, वाटेत भेटलेल्या त्या माजी धर्मोपदेशकाला घ्यावयाचे की नाही. आजा-आजीपासून शेंबड्या पोरांपर्यंत बारा घरचे आणि तेरावा तो. डुकरे मारून रातोरात मांस मिठात घालावयाचे आहे. निघण्यापूर्वी आई एकटी आपली पत्रांची, कात्रणांची पेटी उघडते, दोनचार दागिने काढून घेते आणि बाकीची पेटी चुलीत टाकते. प्रवासाच्या तयारीविषयी इतके खरे मी दुसरे काही वाचलेले नाही. पुढे न्यू मेक्सिकोत सोबतीची एक गाडी बिघडते. शहाणा मुलगा टॉम सुचवितो की दोघांनी मागे राहून गाडी दुरुस्त करावी, बाकीच्यांनी पुढे जावे. योजना तर्काला धरून आहे. आई जॅकचा लोखंडी दांडा हातात घेऊन उभी राहते. कुटुंब तुटू देणार नाही. फोडाल तर डोके फोडीन! आणि सगळे पुरुष मुकाट्याने बेत बदलतात.

हे सगळे कल्पित आहे. जोड नावाचे कुटुंब कधी नव्हतेच. तरी त्या ट्रकवर कोण कुठे बसले आहे हे मला अंधारात हाताने चाचपून सांगता येईल. आणि ज्या ट्रकमध्ये खरोखरीची इलेन बसली होती तिथे मला तिचा साधा डबाही सापडत नाही.

तुलनेसाठी आणखी दोन पुस्तके घेतो. जॅक केरुआकच्या ‘ऑन द रोड’ला (1957) तरुणांनी फार डोक्यावर घेतले. मला त्यातली पहिली फजिती तेवढी मनापासून आवडली. नायक महिनोन्‌महिने नकाशे पाहतो. त्याला नकाशावर सहा क्रमांकाच्या रस्त्याची एक लांबलचक लाल रेघ दिसते, केप कॉडच्या टोकापासून थेट नेव्हाडापर्यंत. ठरले! याच रेघेवरून पश्चिमेला जावयाचे. न्यूयॉर्कहून उत्तरेला जाऊन तो बेअर माउंटनच्या पुलाशी ती रेघ गाठतो, तर तिथे धो धो पाऊस, डोंगर, आणि गाड्यांचा पत्ता नाही. भिजून चिंब होऊन बिचारा न्यूयॉर्कला परत येतो आणि बसचे तिकीट काढून शिकागोला जातो. नकाशा वाचणाऱ्या प्रत्येकाने हे पान वाचावे. पुढचे पुस्तक मला थकविते. त्यातली पुरुषमंडळी एकामागून एक बायका मागे टाकून इतक्या वेगाने जातात की खिडकीतून काही दिसतच नाही.

दुसरे पुस्तक विल्यम लीस्ट हीट-मूनचे ‘ब्लू हायवेज’, 1982 चे. नाव विचित्र वाटेल, पण त्यामागे घरगुती गंमत आहे. हा माणूस ओसेज या तिकडच्या मूळ रहिवासी जमातीशी नाते सांगणाऱ्या घरातला. बाप हीट-मून, थोरला भाऊ लिटल हीट-मून, म्हणून हा सगळ्यात धाकटा तो लीस्ट. पेशाने तो माझा भाऊबंद, म्हणजे मास्तर. मिझुरीतल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवीत होता. विद्यार्थी कमी झाले म्हणून 1978 साली नोकरी गेली, आणि दुरावलेली पत्नीही परत येणार नाही हे त्याच सुमारास कळले. तेव्हा हा एका व्हॅनमध्ये बिछाना टाकून निघाला. जुन्या नकाशांत मुख्य रस्ते लाल आणि गावोगावचे आडरस्ते निळे असत; त्या निळ्या रेघांनीच सगळा देश फिरावयाचा असे त्याने ठरविले. सुमारे तेरा हजार मैल तो फिरला. हमरस्त्यांनी टाकून दिलेली गावे शोधली. ‘नेमलेस’ म्हणजे चक्क ‘निनावी’ नावाचे एक गाव टेनेसीत आहे, तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराच्या घरी हा जेवतो. खाणावळ चांगली की वाईट हे ओळखण्याची त्याची युक्ती तर आमच्या घरी म्हणीसारखी झाली आहे: भिंतीवर कॅलेंडरे किती ते मोजा, जितकी कॅलेंडरे जास्त तितके जेवण चांगले. आमच्या स्वयंपाकघरात एकच कालनिर्णय आहे. यावर मुलांनी काय टीका केली ती इथे देत नाही.

या पुस्तकातही शेजारची जागा रिकामीच आहे. पण ती का रिकामी आहे हे लेखक पहिल्याच पानांत सांगतो, आणि मग मैलोन्‌मैल ते रिकामेपण आपल्याबरोबर प्रवास करते. कोणी आजीबाई हातावर पोळीचा तुकडा ठेवते तेव्हा त्याचे मोल आपल्याला कळते, कारण या माणसाला आज घरी कोणी नाही हे आपण जाणतो. स्टाइनबेकच्या एकटेपणात मला हा ओलावा लागत नव्हता. सत्य हकीकत कळण्यापूर्वीही लागत नव्हता, असे आता वाटते. पण हे मागाहूनचे शहाणपण असू शकेल.

‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’तला एक भाग मात्र कोणीही पुसू शकणार नाही असा आहे. तो शेवटाकडचा, न्यू ऑर्लिन्सचा. 14 नोव्हेंबर 1960 रोजी तिथल्या गोऱ्या मुलांच्या एका प्राथमिक शाळेत सहा वर्षांची एक काळी मुलगी पहिल्यांदा दाखल झाली. तिचे नाव रूबी ब्रिजेस. सरकारी अंमलदारांच्या पहाऱ्यात तिला शाळेत न्यावे लागे आणि शाळेपुढे रोज सकाळी गोऱ्या बायकांचा एक जथा जमून तिला अर्वाच्य शिव्या देई. बाकीचे लोक टाळ्या वाजवीत. स्टाइनबेक मुद्दाम आपला ट्रक लांब ठेवून, टॅक्सीने, गर्दीत उभा राहून हे पाहून आला. त्या बायकांचे शब्द त्याने छापलेले नाहीत. मोठमोठ्या अंमलदारांच्या मध्ये ते पांढऱ्या कपड्यातले इवलेसे पोर, एवढेच तो दाखवितो. मास्तर म्हणून हे वाचताना माझ्या पोटात कालवले. वर्ग रिकामा होता हे पुस्तकाबाहेरचे आहे, पण सांगतो: पालकांनी आपली मुले काढून नेली आणि बार्बरा हेन्री नावाच्या शिक्षिकेने ते सारे वर्ष त्या एका मुलीला एकटीला शिकविले. दहा हजार मैल हिंडून स्टाइनबेकला जो देश शोधावयाचा होता तो त्या शाळेच्या फाटकाशी सापडला, आणि त्यानंतर त्याचे हिंडण्यावरचे मन उडाले. व्हर्जिनियात पोचेपर्यंत प्रवास त्याच्यापुरता संपला होता. उरले होते ते नुसते गाडी घरी आणणे.

इथे आणखी एका पुस्तकाचे नाव घेतो, जे वाङ्मयात कोणी धरणार नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात व्हिक्टर ग्रीन नावाचा एक काळा पोस्टमन होता. काळ्या माणसाला मोटारीने लांब जावयाचे तर कोणत्या गावात खोली मिळेल, कोणता गॅरेजवाला गाडीला हात लावील, कोणता न्हावी दाढी करील, याची यादी त्याने 1936 पासून छापावयास घेतली. ‘ग्रीन बुक’ म्हणून ती ओळखली गेली. आरंभी ती न्यूयॉर्कपुरती होती; पुढे देशभर पसरली. जिथे हॉटेल मिळत नसे तिथे प्रवाशांना घरात उतरवून घेणाऱ्या बायामाणसांचे पत्ते तीत असत. स्टाइनबेक ज्या रस्त्यांवर संध्याकाळी मनात येईल तिथे थांबू शकत होता, त्याच रस्त्यांवर दुसरे एक कुटुंब डबा बांधून, अंथरूण-पांघरूण घेऊन, जादा पेट्रोलचा कॅन ठेवून, मुक्कामाचे गाव आधी ठरवून निघत असे, आणि ते गाव अंधारापूर्वी गाठावे लागे. ग्रीन 1960 साली वारला, म्हणजे स्टाइनबेक निघाला त्याच वर्षी. त्याच्या पत्नीने, अल्माने, हे काम पुढे चालविले. वर्णभेदाविरुद्धचा कायदा 1964 साली झाला आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच पुस्तक बंद पडले. ते बंद पडावे, त्याची गरज उरू नये, अशीच ग्रीनची इच्छा होती. नुसती पत्त्यांची यादी. पण प्रवासाला निघताना घरात काय काय बोलले जाते ते सारे तिच्या ओळींमधून ऐकू येते.

आता माझा कान कसा धरला गेला ते सांगून टाकतो, म्हणजे मोकळा होईन.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी ‘सांगली ते कन्याकुमारी’ असे एक प्रवासवर्णन लिहिले होते. नकाशावरची ती एकच मोठी रेघ, जी आम्ही खरोखर गिरविली. ती मी अशी लिहिली होती: पहाटेच्या अंधारात मी गाडी काढली, चित्रदुर्गचा किल्ला उजाड माळावर एकाएकी उभा राहिला, बंगळूर मागे टाकले, तमिळ मुलखात भाषा संपली आणि हातवारे सुरू झाले, सेलमला मुसळधार पावसात मी एकटा एका फुलवालीच्या टपरीशी थांबलो आणि तिने मला आसरा दाखविला. लेखाचे बरे कौतुक झाले. दोन शाळांतून पत्रे आली.

अंक घरी आला त्या दुपारी हिने तो वाचला. वाचून मिटला, आणि एवढेच म्हणाली, “गाडी छान चालवलीत हो तुम्ही.”

मला गाडी चालविता येत नाही. गाडी साडूभाऊंची होती आणि चाकावर तेच होते. मागे ही, मेहुणी आणि मुले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकुटाचा डबा हिनेच बांधला होता. कोणत्या गावी मुक्काम करावयाचा हे नकाशावर पेन्सिलीने तिनेच लिहिले होते, मुलांच्या झोपेचा हिशेब धरून. आणि ती फुलवाली? मी तर पावसाला भिऊन गाडीतच बसलो होतो. ही उतरली. भाषा येत नसताना त्या बाईशी पाच मिनिटे काय बोलली देव जाणे, पण दोघी हसत होत्या, आणि परत आली ती त्या बाईच्या बहिणीच्या घरची खोली ठरवून, वर केसांत एक गजरा माळून.

हे सगळे मी का गाळले? कोणी मला सांगितले नव्हते. मी तेव्हा ‘चार्ली’ वाचलेही नव्हते. लिहावयास बसलो आणि ‘आम्ही’ लिहिले की वाक्य सहलीसारखे वाटे, ‘मी’ लिहिले की वाङ्मयासारखे. इतकेच. आमच्याच भाषेत पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ 1960 साली पुस्तकरूपाने आली आणि तीत सहधर्मचारिणी बोटीवरही आहे आणि लंडनलाही आहे, आणि त्यामुळे ते वाङ्मय कुठे उणे झालेले नाही, हे मला माहीत होते. माहीत असून उपयोग झाला नाही.

तेव्हा स्टाइनबेकवर दगड उचलताना माझा हात थोडा थरथरतो. पण तो खाली ठेवावा असेही वाटत नाही. त्याने निदान पहिल्या खर्ड्यात तिला लिहिले होते; मी तर तेही केले नाही.

या लेखाच्या निमित्ताने परवा तो जुना अंक मी ट्रंकेतून काढला. उघडून पाहतो तो माझ्या प्रवासवर्णनाच्या समासात पेन्सिलीच्या बारीक अक्षरांत काही लिहिलेले. कधी लिहिले कोण जाणे, मी कधी उघडून पाहिलेच नव्हते. माझ्यावर एक शब्दाची टीका नाही. नुसत्या दुरुस्त्या आहेत. चित्रदुर्गापाशी लिहिले आहे: “इथे धाकट्याला ताप आला.” मदुरेपाशी: “चटणी इथे संपली.” आणि पावसाच्या त्या माझ्या आवडत्या परिच्छेदाशी, सेलमवर काट मारून: “पाऊस धर्मपुरीला होता. तिचे नाव सेल्वी.”